दहा वाजेपर्यंत रडायचं नाही

न्यानच्या घराची गॅलरी म्हणजे लोखंडी पिंजरा. तिच्या एकटीचीच नव्हे. हनोईतल्या त्या जुन्या सरकारी वसाहतीत जितकी घरं तितके पिंजरे. खोल्या एवढ्याशा, माणसं वाढत गेली, तेव्हा ज्यानं त्यानं गॅलरीबाहेर गज काढले, वर पत्रा टाकला आणि अधांतरी आणखी एक खोली मिळवली. लोक त्याला वाघाचा पिंजरा म्हणतात. न्यानच्या पिंजऱ्यात शिलाई मशीन, खारवलेल्या वांग्यांची बरणी, कांद्याच्या पातीची कुंडी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या वाळत घातलेल्या चादरी. वसाहतीतल्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, उसवलेलं शिवायचं, यावर घर चालतं. मशीनवरून मान वर केली की खाली अंगण आणि पलीकडं, जिथं पूर्वी तळं होतं तिथं, काचेचे मनोरे. ही वसाहतही पाडणार म्हणतात. न्यान लग्न होऊन इथं आली तेव्हापासून म्हणतात.

गेल्या वर्षी एक सिनेमावाला हे पिंजरे बघून वेडा झाला. बदलत्या शहरातल्या तीन पिढ्यांच्या प्रेमाचा सिनेमा होता. आजी, आई आणि नात, तिघी एकाच घरात, तिघी गजांतून हात बाहेर काढून आपापल्या माणसाची वाट बघतात. त्यानं न्यानची गॅलरी भाड्यानं मागितली.

"आमच्याकडं गजांतून हात निघतो तो शेजारणीकडं मीठ मागायला," शेजारच्या पिंजऱ्यातून लोआनताई म्हणाली. "प्रेम करायचं तर माणूस जिन्यात जातो बाबा. तिथं दिवा नसतो."

सगळे हसले. सिनेमावाल्यानं न्यानला विचारलं, "काकू, तुमची लव्हस्टोरी काय?"

"माझी? मी चहा दिला आणि लग्न झालं."

त्यावरही सगळे हसले. न्यानही हसली. पण तिनं सांगितलं ते अक्षरशः खरं होतं.

ती बावीस वर्षांची असताना चुओंगचं स्थळ आलं. कारखान्यात फिटर, शांत, सायकलवर मागं बसवून दोन-चारदा तळ्याभोवती चक्कर मारलेली. वाईट नव्हता. न्यानचं म्हणणं एवढंच होतं, की आणखी थोडे महिने जाऊ देत. पण चुओंगच्या वडिलांनी अंथरूण धरलं, आणि महिने कुणाच्याच हातात राहिले नाहीत. घरात मरण झालं की लग्न होत नाही. बापाच्या शोकात मुलगा तीन वर्षं बोहल्यावर चढत नाही. म्हणून मरण कोपऱ्यावर दिसलं की लग्न त्याच्या पुढं पळवायचं, ही तिथली रीत. आणि मरण आधी पोचलंच, तर त्याला आतल्या खोलीत बसवून ठेवायचं. कुणी बोलायचं नाही, कुणी रडायचं नाही. पानसुपारी झाली, नवरी घरची झाली, की मग हंबरडा.

न्यान लाल आओ झाय, तिथला लांब झगा, घालून या घरात आली तेव्हा सासरे मच्छरदाणीत झोपलेले होते. "आजारी आहेत, उठवू नको, चहा नुसता उशाशी ठेव," चुओंगच्या मोठ्या भावानं, दोआननं, सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी कप पुढं केला, मान लववली, उशाशी ठेवला. सासूबाई पायथ्याशी बसल्या होत्या, हात मच्छरदाणीच्या आत, नवऱ्याच्या पावलांवर. चेहरा दगडाचा. न्यानला वाटलं, मी पसंत नाही वाटतं यांना. जेवणं उरकली. मग कुणीतरी मच्छरदाणी वर उचलली आणि घरभर एकदम रडणं सुरू झालं. सासरे पहाटेच गेले होते. न्यानच्या अंगावरचं लाल काढून पांढरं चढवलं, आणि ज्या माणसाला आपण चहा दिला त्याच्यासाठी ती रडली. सासूबाईंना मात्र रडूच आलं नाही. सकाळभर दाबलं ते दाबलंच राहिलं. लोक म्हणाले, काळजाची कठीण बाई आहे. पुढं त्या झाल्याही तशाच.

चुओंग वाईट निघाला नाही. वाईट निघाला असता तर न्यानला कधीतरी भांडता आलं असतं. दोघं एका पलंगावर, एका पडद्याआड, परक्या प्रवाशांसारखी सभ्यपणे राहिली. बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली, क्वेन. क्वेन आठ वर्षांची असताना चुओंग लिव्हरच्या दुखण्यानं गेला. न्यान उरली, सासूबाई उरल्या. माहेरी परत जा, असं न्यानला कुणी म्हणालं नाही, आणि म्हातारीला टाकून जायला तिचेही पाय निघाले नाहीत.

तर या घरात सिनेमाचं शूटिंग झालं, आणि दिवे लावणाऱ्या पोरांमध्ये बाख होता. उंच, बोलका, खिशात सदा चिकटपट्टीचं रीळ. क्वेन त्याला चहा न्यायची. शूटिंग संपलं तरी बाख येत राहिला. आधी राहिलेली वायर न्यायला, मग पंखा दुरुस्त करायला.

"पंखा बिघडलेला नव्हता," लोआनताई म्हणाली. "मी रोज आवाज ऐकायचे. यानं दुरुस्त केल्यापासून बिघडलाय."

न्यानला बाख आवडला. त्याची आई भेटली तेव्हा जरा धसकाच बसला. काचेच्या मनोऱ्यात सव्विसाव्या मजल्यावर घर, सगळं चकचकीत. न्यान वारा यावा म्हणून खिडकीकडं गेली.

"त्या उघडत नाहीत हो, विहीणबाई," बाखची आई म्हणाली. "एसी आहे ना. लग्नानंतर दोघं माझ्याजवळच राहतील. ही खोली त्यांची."

विहीणबाई! अजून कशात काही नाही आणि विहीणबाई. घरी येताना न्यान क्वेनकडं चोरून बघत राहिली. पोरगी हसत होती, पण बोटानं बॅगेची चेन उघडत होती, मिटत होती.

पावसाळा सरता सरता सासूबाईंनी खाणं सोडलं. हॉस्पिटलनं दोन दिवस ठेवून घेतलं आणि म्हणाले, आता घरी न्या. तिथं याचा अर्थ सगळ्यांना कळतो. त्याच संध्याकाळी दोआन आला. आता सत्तरीचा, घरातला कर्ता पुरुष. आईच्या कपाळाला हात लावला, गॅलरीत येऊन बसला आणि म्हणाला, "न्यान, शनिवारी क्वेनचं उरकून टाकू. मी मुलाकडच्यांशी बोललोय."

"उरकून? भावोजी, अजून बोलणीसुद्धा..."

"आजीचा शोक नातीला एक वर्ष. बाखच्या आईनं पत्रिका दाखवलीय, यंदाचं साल मुलाला चांगलं आहे, ती पुढं थांबणार नाही. मुलीला बाप नाही, वसाहत आज ना उद्या पडणार, तुम्ही दोघी शहराबाहेर कुठं फेकल्या जाल कोण जाणे. हे स्थळ हातचं घालवायचंय तुला? शिवाय आईची शेवटची इच्छा आहे, नातीचं लग्न बघायचं."

प्रत्येक वाक्य खरं होतं. खऱ्या वाक्यांची अशी भिंत उभी राहिली की माणसानं जायचं कुठून?

दुसऱ्या दिवशी तिनं लोआनताईच्या मुलीचा लाल आओ झाय क्वेनच्या मापाला बसवायला घेतला. क्वेन स्टुलावर उभी, न्यान खाली बसून घेर टाचत होती.

"ताठ उभी राहा."

"उभीच आहे."

"बाख आवडतो ना तुला?"

"आवडतो."

"मग चेहरा असा का?"

"असाच आहे माझा चेहरा. तुझ्यावर गेलाय." जरा वेळानं ती हळू आवाजात म्हणाली, "आई, मला वर्षभर हवं होतं. शूटिंगच्या दिव्यात सगळेच बरे दिसतात गं. त्याचं काम सुटलं तर तो कसा वागतो, आईपुढं बोलतो की नाही, मला काही माहीत नाही. त्याला तरी माझं कुठं माहीत आहे?"

"मग सांग ना काकांना."

"काय सांगू? आजी मरायला टेकलीय आणि मला अजून फिरायला जायचंय, असं? सगळी वसाहत तोंडावर थुंकेल." तिनं खाली बघितलं. "तू सांगशील?"

न्यानच्या ओठांत टाचण्या होत्या. तिला त्यांचा आधारच वाटला.

पण सांगायला ती गेली. अंगणात दोआन मांडववाल्याशी घासाघीस करत होता. तिचं ऐकून त्यानं चष्मा काढून पुसला. तो दुष्ट माणूस नाही. चुओंग गेल्यावर दर टेटला, नव्या वर्षाच्या सणाला, तांदळाचं पोतं त्यानंच आणून टाकलं.

"अगं, तुझंही असंच झालं ना? काय वाईट झालं?"

यावर काय बोलायचं असतं? काही वाईट झालं नाही. मार नाही, उपास नाही. काहीच झालं नाही, हेच झालं. पण हे भर अंगणात, मांडववाल्यासमोर, मोठ्या दिरापुढं कुठली बाई बोलेल? न्यान "बरं" म्हणाली आणि जिना चढली. प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी तिला थांबवून म्हणत होतं, चला, एक काळजी मिटली.

शुक्रवारी दुपारी सासूबाईंची कूस बदलताना तिनं त्यांच्या कानाशी सांगितलं, "आई, उद्या क्वेनचं लग्न आहे."

म्हातारीनं डोळे किलकिले केले. "कशाला घाई?"

"भावोजी म्हणतात, तुमची इच्छा आहे."

"माझी? मला पपई पाहिजे."

न्यानला हसू फुटलं. तिनं खालून पिकलेली पपई मागवली, चमच्यानं कुस्करून भरवली. सासूबाईंनी दोन चमचे खाल्ले, तिसऱ्याला तोंड फिरवलं. म्हणाल्या, "गोड नाही." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

शनिवारी उजाडताच अंगणात लाल-सोनेरी मांडव लागला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या, कर्ण्यातून लग्नाची गाणी सुरू झाली, लोआनताईच्या घरून लग्नाच्या लाल भाताचा वाफाळता वास येऊ लागला. नऊ वाजता मुलाकडचे यायचे होते. न्यान कोमट पाण्यात फडकं बुडवून सासूबाईंचं तोंड पुसायला गेली. कपाळ पुसलं, गाल पुसले, आणि हनुवटीशी तिचा हात थांबला. तिनं बोट नाकाखाली धरलं. मग स्वतःचा श्वास रोखून पुन्हा धरलं.

तेवढ्यात दोआन आत आला. नवा सूट, कोटाला फूल. त्यानं बघितलं. भिंतीला हात टेकून तो उभा राहिला. आई होती त्याची. मग त्यानं दार लोटलं.

"कुणाला सांगायचं नाही. मच्छरदाणी सोड. दहा वाजेपर्यंत क्वेन गाडीत बसेल. तोवर रडायचं नाही, न्यान. माझी शपथ आहे."

"आणि क्वेनला?"

"तिला तर अजिबात नाही. ती रडली की संपलं." त्याचे स्वतःचे डोळे भरले होते. ते त्यानं बाहीनं कोरडे केले, चेहरा नीट केला आणि पाहुण्यांचं बघायला खाली गेला.

न्यानच्या हातांनी मच्छरदाणी सोडली. कडा गादीखाली खोचल्या. हात आपोआप करत होते, जणू इतकी वर्षं त्यांना एवढंच शिकवलं होतं. मग ती पायथ्याशी बसली, आणि आपण कुठं बसलो आहोत हे तिच्या ध्यानात आलं. खाली गाणं बदललं. तिला वाटलं, आता उठावं, बाहेर जावं. पण उठून जायला पिंजऱ्याखेरीज दुसरी खोलीच नव्हती.

दार ढकलून क्वेन आत आली. लाल आओ झाय, केसात फुलं, ओठ रंगवलेले. दोन्ही हातांत चहाचा कप.

"काका म्हणाले, आजीला चहा देऊन ये. झोपलीय का गं?"

न्याननं मच्छरदाणीची खोचलेली कड घट्ट धरली.

"उशाशी ठेवू का?" क्वेननं कप पुढं केला, मान लववली.

आता बोलायला हवं, असं न्यानच्या मनात आलं, आणि बोलण्यापेक्षा आधी तिच्या तोंडून आवाज फुटला. "आई! अगं आई गं! गेल्या गं माझ्या सासूबाई!" असा आवाज आपल्यात आहे हे तिला ठाऊक नव्हतं. क्वेनच्या हातातला कप फरशीवर फुटला. न्यान गॅलरीत धावली, गज धरले आणि भर सकाळी, मांडवाच्या डोक्यावर, साऱ्या वसाहतीला ऐकू जाईल असा हंबरडा फोडला. खाली बायका खुर्च्यांतून उठल्या. पोरं गप्प झाली. गाणं मात्र चालूच राहिलं, कारण ते बंद कुणी करायचं ते कुणाला सुचेना.

त्याच वेळी फाटकातून लाल कापडानं झाकलेल्या आहेराच्या पेट्या घेऊन मुलाकडचे आत येत होते. हंबरडा ऐकला आणि पुढची पावलं जिथल्या तिथं थांबली. शोक पुकारलेल्या घरात लाल पेटी नेता येत नाही. बाखच्या आईनं वर बघितलं, पेट्या वाहणाऱ्यांकडं वळून बोटानं खूण केली, आणि मंडळी मागच्या मागं फिरली.

दोआन धापा टाकत वर आला. "एक तास! एक तास कळ काढवेना तुला?"

"नाही काढवली."

"मुद्दाम केलंस तू."

"हो, भावोजी."

त्याला पुढं बोलायचं होतं. पण एकदा रडणं सुरू झालेल्या घरात मुलाला आपल्या आईसाठी रडावंच लागतं. त्यानं मच्छरदाणी वर केली, सूटसकट जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. न्याननं त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. पाण्याचा तांब्या मात्र जवळ सरकवला.

लोआनताईनं ओल्या फडक्यानं क्वेनच्या ओठांचा रंग पुसला. क्वेन आजीच्या पावलांना धरून रडत होती. मध्येच मान वर करून तिनं आईकडं बघितलं. त्या नजरेत राग होता की सुटका, न्यानला काही केल्या कळेना. काय केलं मी? पोरीला वर्ष दिलं, की तिचा संसार मोडला? उद्या हीच मुलगी म्हणेल, तुला कुणी सांगितलं होतं? आणि खरंच, ओरड असं तर तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

थोड्या वेळानं बाख आला. एकटाच, कोटावरचं फूल काढलेलं. त्यानं उदबत्ती लावली, आजीला नमस्कार केला आणि दाराशी क्वेनसमोर उभा राहिला. दोघांना वाटलं आपण हळू बोलतोय, पण त्या घरात हळू बोललेलंही सगळ्यांना ऐकू जातं.

"आई म्हणते, ती थांबणार नाही."

"आणि तू?"

"मला माहीत नाही."

"मलाही नाही," क्वेन म्हणाली.

मुलानं थाप मारली असती, 'थांबेन, जन्मभर थांबेन' म्हणाला असता, तर न्यानला बरं वाटलं असतं. आणि मग ती तेवढीच जास्त घाबरली असती.

"काकू," बाख तिच्याकडं वळला. त्यानं तिला आई म्हणायला सुरुवात केली होती; आता पुन्हा काकू. "खालचा मांडव काढायला हवा. पांढरा लागेल ना? मी काढतो. त्या लोकांना गाठी सोडता येत नाहीत, कापून टाकतात."

"काढ," न्यान म्हणाली. "काही खाल्लं आहेस का?"

"नाही."

"लोआनताईकडं लाल भात आहे. आता कुणी खायचं नाही तो. पण तू घरचा नाहीस, तुला चालेल."

तो हसला नाही, पण मान हलवली आणि खाली गेला. क्वेननं लाल आओ झायवर आईचा जुना राखाडी स्वेटर चढवला आणि ती त्याच्यामागं निघाली.

"तू कुठं?"

"स्टूल कोण धरणार?"

न्यान सासूबाईंजवळ येऊन बसली. लोआनताईनं पांढऱ्या जाळीदार कापडाचा तागा आणून ठेवला होता; डोक्याला बांधायच्या शोकाच्या पट्ट्या घरच्या बाईनं फाडायच्या असतात, कात्री लावायची नसते. तिनं तागा मांडीवर घेतला आणि पहिली पट्टी फाडली. क्वेनची. खालून त्या दोघांचा आवाज येत होता.

"डावीकडची आधी सोड म्हणतेय ना!"

"मला शिकवू नको, माझं कामच आहे ते."

"मग पडतंय कसं?"

"तू स्टूल हलवतेस म्हणून!"

भांडत होती. बऱ्यापैकी जोरात भांडत होती. न्यान कान देऊन ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिनं दुसरी पट्टी फाडायला घेतली.